गावानं मिळून माहिती अधिकार कसा चालवायचा: रस्त्याच्या फाईलपासून वनहक्काच्या दाव्यापर्यंत

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यात माहिती अधिकाराचे अर्ज काही कमी पडत नाहीत, पण त्यातले बरेच अर्ज वाचले की कळतं की माणसानं सगळा राग कागदावर काढलाय. "आमच्या गावचा रस्ता सहा महिन्यात का उखडला, याला जबाबदार कोण आणि त्याच्यावर काय कारवाई करणार" असं लिहिलेलं असतं. राग खरा असतो, रस्ताही खरंच उखडलेला असतो, पण महिन्याभरानं उत्तर येतं की सदरची बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही, मग अर्जदार तिथेच बसून जातो आणि पारावर बोललं जातं की आरटीआयनं काही होत नाही भाऊ.

होतं. पण एकट्यानं अर्ज टाकून वाट बघण्यापेक्षा पाच-सहा जणांनी ठरवून, नेमका कागद मागून, तो वाचून, गावापुढे ठेवला तर होतं. एकट्या माणसाला चकरा मारायला लावून थकवता येतं, घरी निरोप पाठवता येतो, "हा पैशासाठी करतो" म्हणून बदनाम करता येतं. गट असला की हे अवघड जातं. म्हणून खालचं सगळं मी गटासाठीच लिहितोय, मग तो गट बचत गटातल्या बायांचा असो, केळीवाल्या शेतकऱ्यांचा असो नाहीतर सातपुड्यातल्या एखाद्या पाड्याचा असो.

आधी गट आणि गटाचा एक नियम

पाच-सहा जण पुरतात. एक जण लिहिणारा, एक जण मोबाईल आणि पोर्टल बघणारा, एक जण असा की ज्याला बांधकामातलं कळतं (प्रत्येक गावात एखादा गवंडी नाहीतर डिप्लोमा केलेला पोरगा असतोच), आणि निदान दोन बाया, कारण रेशन, अंगणवाडी, घरकुल यातलं खरं काय ते त्यांनाच आधी माहीत असतं. अर्ज मात्र मंडळाच्या लेटरहेडवर करू नका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ३ मध्ये हा हक्क नागरिकाला दिलाय, त्यामुळे संस्थेच्या नावानं अर्ज केला की परत पाठवायला एक कारण मिळतं. नाव माणसाचं टाका, काम गटाचं ठेवा.

नियम एकच, पण पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर बोलून ठेवा: अर्ज कोणीही परस्पर मागे घ्यायचा नाही. तोडपाणी करणाऱ्या काही लोकांमुळे प्रामाणिक अर्जदारांचं नाव खराब झालंय, आणि याचा फायदा ज्यांना कागद लपवायचाय त्यांनाच होतो. भाऊबंदकीचं भांडण, बांधाचा वाद, निवडणुकीतला हिशोब यासाठी गटाचं नाव वापरायचं नाही हेही तेव्हाच सांगून टाका.

अर्जाच्या आधी: जे उघडं असायलाच हवं ते बघून घ्या

कलम ४ खाली प्रत्येक कार्यालयानं १७ मुद्द्यांची माहिती स्वतःहून जाहीर करायची असते. बजेट, अधिकाऱ्यांचे पगार, अनुदान योजनांचे लाभार्थी, परवाने कोणाला दिले, माहिती अधिकारी कोण, सगळं त्यात येतं. हे लक्षात ठेवा, पुढे नकार आला की हेच कलम कामाला येतं. ग्रामपंचायतीचं असेल तर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचा आराखडा आणि वित्त आयोगाच्या पैशाचा खर्च बराचसा दिसतो. तिथे कामाचं नेमकं नाव मिळतं, रक्कम मिळते आणि वर्ष मिळतं. अर्जात तेच नाव जसंच्या तसं टाकलं की "बोध होत नाही" म्हणायला जागा राहत नाही.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहितीये. राज्य सरकारचा २०१८ चा शासन निर्णय आहे, त्याप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या कार्यालयात आणि महापालिका, जिल्हा परिषद अशा स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना रेकॉर्ड बघायला मिळायला पाहिजे. सोमवारी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. खिडकीवरच्या माणसाला हे माहीत नसण्याची शक्यता भरपूर, म्हणून शासन निर्णयाची प्रिंट खिशात ठेवा आणि शांतपणे दाखवा. जळगाव-धुळ्याच्या माणसाला हे सोपं आहे, धडगाव-अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यातून नंदुरबारला यायचं तर अख्खा दिवस आणि मजुरी जाते, त्यांनी एका फेरीत दोन-तीन कार्यालयं धरून जावं.

अर्ज लिहिणं

महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' चा नमुना आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, तहसील कचेरीबाहेर स्टॅम्प व्हेंडरकडे मिळतो, दहाचा नसला तर पाच-पाचचे दोन चालतात. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही, दाखल्याची झेरॉक्स जोडायची. २०१२ पासून राज्याच्या नियमात आलंय की एका अर्जात एकच विषय आणि सहसा १५० शब्दांच्या आत, म्हणून रस्ता, गटार आणि शाळेची खोली एकाच अर्जात कोंबू नका, तीन वेगळे अर्ज करा. माहिती कशाला पाहिजे हे सांगायची गरज नाही, कलम ६(२) मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे "भ्रष्टाचार झाला आहे म्हणून" असली वाक्यं काढून टाका. समोरचा सावध होतो आणि शब्द वाया जातात.

"का" विचारू नका, कागदाचं नाव घ्या. रस्त्यासाठी आम्ही वापरतो तो मजकूर असा:

"विषय: मौजे (गाव) येथील मारुती मंदिर ते जिल्हा परिषद शाळा सिमेंट काँक्रिट रस्ता. कालावधी: १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५. तपशील: सदर कामाचा प्रशासकीय मान्यता आदेश, तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील या कामाच्या नोंदींची पाने, गुणवत्ता चाचणी अहवाल, सर्व देयके व व्हाउचर, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि कामाचे जिओ टॅग फोटो यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. प्रती घेण्यापूर्वी संपूर्ण फाईलची पाहणी करावयाची आहे, त्याची तारीख व वेळ कळवावी."

बस, एवढंच. याच्यातला प्रत्येक शब्द म्हणजे कपाटातला एक खरा कागद आहे, आणि तो नसेल तर नाही असं लेखी द्यावं लागतं. "नाही" हे उत्तरसुद्धा मोठं असतं, चाचणी अहवालच नाही तर बिल कशावर काढलं हा प्रश्न ग्रामसभेत कोणालाही समजतो. अजून एक, कलम २(ञ) मध्ये वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने मागायचा हक्कसुद्धा आहे. हे लोक विसरतात.

ज्याला लिहिता येत नाही त्यानं काय करायचं? कायदा सांगतो की तोंडी विनंती लिहून घ्यायला माहिती अधिकाऱ्यानंच मदत करायची. पावरी, भिली बोलणाऱ्या पाड्यांवर हे फार महत्त्वाचं आहे. सोबत गटातला कोणी असू द्या आणि लिहून झालं की ते वाचून दाखवायला सांगा, मगच अंगठा.

कोणाकडे द्यायचा, कसा द्यायचा

ग्रामपंचायतीत माहिती अधिकारी म्हणजे बहुतेक वेळा आपला ग्रामसेवक, ज्याचं पद २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी झालंय. पण रस्ता जिल्हा परिषद बांधकामचा आहे, सार्वजनिक बांधकामचा आहे की ग्रामसडक योजनेचा आहे हे कामाच्या फलकावरून बघून घ्या. फलकच नसेल तर घाबरू नका, चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर तो ५ दिवसात योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी कलम ६(३) नं त्यांच्यावर टाकलीये. "आमच्याकडे येत नाही, तिकडे जा" म्हणून तोंडी परत पाठवणं चुकीचं आहे, हे नम्रपणे पण ठामपणे सांगा.

हातानं दिला तर पोच घ्या, पोचवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक तिन्ही बघा. आवक लिपिक सुट्टीवर आहे, साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या, असं झालं तर वाद न घालता सरळ पोस्टात जा. रजिस्टर पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच मिसळलंय, म्हणून स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपा आणि ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. राज्याचं आरटीआय ऑनलाइन पोर्टल पण आहे, पण सगळी कार्यालयं त्यावर नाहीत, त्यामुळे आधी यादीत आपलं कार्यालय आहे का बघा.

तीस दिवस

अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसात उत्तर. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. त्रयस्थ माणसाची माहिती असेल तर त्याला नोटीस काढावी लागते आणि मुदत ४० दिवसांपर्यंत जाते. वहीत तारीख लिहून ठेवा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करा.

मधेच एक पत्र येतं: इतकी पानं आहेत, २ रुपये प्रमाणे इतके पैसे भरा. हे पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मध्ये धरत नाहीत, म्हणून लगेच भरा. पण आकडा फार मोठा वाटला तर आधी पाहणी मागा, बघा, आणि कामाचीच पानं घ्या. आणि ३० दिवस उलटून गेल्यावर पैसे मागितले तर कलम ७(६) दाखवा, उशीर झाला की माहिती फुकट द्यावी लागते.

पाहणी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

माझं स्पष्ट मत आहे की झेरॉक्सचा गठ्ठा घरी आणण्यापेक्षा फाईलपुढे बसणं दहापट कामाचं आहे. झेरॉक्समध्ये पेन्सिलची नोंद दिसत नाही, शाई बदललेली दिसत नाही, चिकटवलेलं पान दिसत नाही. दोघं-तिघं जा, त्यात तो बांधकामवाला असलाच पाहिजे. वही, पेन, साधा कॅल्क्युलेटर आणि पाणी सोबत घ्या, कारण बसवून ठेवतील.

सगळ्यात आधी एमबी मागा, म्हणजे मोजमाप पुस्तिका. कंत्राटदाराचं बिल याच वहीवरून निघतं. तिच्यात प्रत्येक कामापुढे संख्या, लांबी, रुंदी, जाडी आणि शेवटी परिमाण लिहिलेलं असतं. समजा काँक्रिटपुढे लिहिलंय लांबी १२० मीटर, रुंदी ३ मीटर, जाडी ०.१५ मीटर, तर परिमाण झालं ५४ घनमीटर आणि पैसे निघाले ५४ घनमीटरचे. आता गावात जाऊन टेप लावा. लांबी भरली ९६, आणि जिथे कड तुटलीये तिथे जाडी दिसली १० सेंटीमीटर, तर रस्त्यात काँक्रिट आहे २८.८ घनमीटर, म्हणजे निम्म्याच्या जरासंच वर. हे गणित सातवीतल्या पोराला येतं. मोजताना दोन-चार गावकरी उभे करा, टेपवरचा आकडा दिसेल असे फोटो काढा, एका जागी न मोजता पाच-सहा जागी मोजा, कारण एका जागेवर ते म्हणतील की तेवढीच जागा खराब होती.

मग तारखा. कार्यारंभ आदेशाच्या आधीची मोजमापाची तारीख, काम संपायच्या आधीचा पूर्णत्वाचा दाखला, बिलाच्या नंतर आलेला चाचणी अहवाल, असं काही दिसलं की पान क्रमांकासकट लिहून घ्या. खाडाखोड असेल तर तिच्याजवळ सही आहे का बघा. फोटोंमध्ये मागचं घर, झाड, विजेचा खांब बघा. एकच फोटो दोन कामांना लावलेला असतो, तो गावच्याच माणसाला ओळखू येतो, नाशिकच्या ऑडिटरला येत नाही. दोष दायित्व कालावधी किती आहे तेही अंदाजपत्रकात नाहीतर करारात सापडतं, त्या काळात रस्ता खराब झाला तर दुरुस्ती कंत्राटदारानं स्वखर्चानं करायची असते, आणि बऱ्याच वेळा एवढा एक कागद दाखवला तरी गावाचं काम होऊन जातं.

तालुक्यातल्या एका कार्यालयात आम्ही जुन्या रोजगार हमीच्या कामाचे हजेरीपट बघत होतो. सोबतच्या बाईला वाचता येत नव्हतं, मी नावं वाचत होतो आणि ती "हां, ही आमच्याच गल्लीतली" असं सांगत होती. तिचं स्वतःचं नाव आलं तेव्हा तिनं पान आपल्याकडे ओढलं, नावापुढच्या वळणदार सहीवर बोट ठेवलं आणि लिपिकाला म्हणाली, "भाऊ, मी तं अंगठा लावस." त्या पानावर सगळ्या बायांच्या सह्याच होत्या, अंगठा एकही नव्हता. हे मला झेरॉक्सवर कधीच कळलं नसतं, कारण मला काय माहीत कोण सही करतं आणि कोण अंगठा लावतं. म्हणून म्हणतो, ज्यांचं काम आहे त्यांना पाहणीला न्या.

मोबाईलनं फोटो काढू देतात का? काही अधिकारी देतात, काही अडवतात. टिपणं आणि उतारे घ्यायचा हक्क तर कायद्यातच आहे, तो कोणी अडवू शकत नाही. फोटो अडवला तर पान नंबर लिहा, तिथेच अर्ज देऊन त्या पानांच्या साक्षांकित नकला मागा. निघताना "आज अमुक फाईलची पाहणी केली, अमुक कागद फाईलमध्ये आढळला नाही" असं दोन ओळीत लिहून पोच घ्या. नंतर तो कागद अचानक उगवला तर या पोचचं महत्त्व कळेल.

नकार आला तर

नकार कलम ८, ९ किंवा तशाच स्पष्ट तरतुदीखाली, कारणासकट द्यावा लागतो. नुसतं "गोपनीय" लिहिलेलं चालत नाही. गोपनीयतेचा धाक आपल्या भागाला नवा नाही. १९८८ मध्ये सरदार सरोवरच्या धरणस्थळाभोवतीच्या गावांना गुजरात सरकारनं सरकारी गुपितांचा कायदा लावला होता, इंग्रजांचा १९२३ चा कायदा, आणि त्याच काळात आपल्याकडच्या अक्राणी-अक्कलकुव्यातले लोक (तेव्हा तो धुळे जिल्हाच होता) एवढंच विचारत होते की पाणी कुठपर्यंत येणार आणि आम्हाला जमीन कुठे देणार. ज्याचं घर बुडणार त्यालाच नकाशा बघायला मिळत नव्हता. महाराष्ट्रातली ३३ गावं त्या धरणात आली. आज माहिती अधिकार कायद्याचं कलम २२ सरळ सांगतं की १९२३ च्या त्या कायद्याशी विसंगती आली तर माहिती अधिकार वरचढ. हे कलम पाठ करून ठेवा.

आता नवीन अडचण. कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहितीचं. आधी त्यात असं होतं की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खाजगीपणावर विनाकारण घाला घालणारी माहिती नाकारता येते, आणि जे संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ नं हे सगळं काढून नुसतं "वैयक्तिक माहिती" एवढंच ठेवलं आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू झालं. मला हा बदल मनापासून चुकीचा वाटतो, कारण घरकुलाच्या यादीत नाव असतं, बिलावर कंत्राटदाराचं नाव असतं, हजेरीपटावर नाव असतं, आणि नाव झाकलं की चोरी पकडायची कशी? पण हात टेकायची गरज नाही. कलम ८(२) अजून तसंच आहे: जनहित जास्त असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. आणि कलम ४ मध्ये अनुदान योजनांचे लाभार्थी स्वतःहून जाहीर करायला सांगितलंय. म्हणून अर्जातच एक ओळ टाका: "सदर माहिती कलम ४(१)(ख) नुसार स्वतःहून जाहीर करावयाची असून सार्वजनिक निधीच्या खर्चाशी संबंधित आहे, कलम ८(२) नुसार व्यापक जनहित आहे." आधार नंबर, बँक खातं, मोबाईल नंबर झाकायला आपली हरकत नाही हेही लिहा. कलम १० नुसार तेवढा भाग वगळून बाकीचा कागद द्यावा लागतो. गोरगरिबांचे खाते नंबर गावभर फिरवणं आपल्यालाही नकोच आहे.

"फाईल सापडत नाही" हे उत्तर तर नेहमीचं. हरवणं ही कायद्यात सूट नाही. अपिलात मागणी करा की शोध घेऊन जबाबदारी निश्चित करावी आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ प्रमाणे कारवाई करावी. बऱ्याच फायली या एका वाक्यानंतर सापडतात. "माहिती विस्तृत आहे, पाहणी करा" आलं तर आनंदानं जा.

केळीचा विमा आणि वनहक्क, दोन खास गोष्टी

रावेर, यावल, चोपड्याकडे हवामानावर आधारित फळपीक विम्याचं भांडण दरवर्षी असतं. कंपनी खाजगी, ती म्हणते आम्हाला आरटीआय लागू नाही. पण कलम २(च) नुसार सरकारी कार्यालयाला दुसऱ्या कायद्यानं खाजगी संस्थेकडून जी माहिती मिळवता येते तीसुद्धा "माहिती"च आहे, आणि कृषी खात्याकडे बराच कागद आधीच पडलेला असतो. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडे मागा: आपल्या महसूल मंडळाच्या हवामान केंद्राची रोजची किमान-कमाल तापमान आणि वाऱ्याच्या वेगाची आकडेवारी, त्या वर्षीचा योजनेचा शासन निर्णय, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, जिल्हास्तरीय समितीच्या बैठकांची इतिवृत्तं. सलग किती दिवस किती तापमान गेलं की भरपाई, हे त्या शासन निर्णयात असतं, तो आणि आकडेवारी शेजारी ठेवली की शेतकऱ्यालाच कळतं आपलं मंडळ बसतं का नाही. केंद्र कुठे बसवलंय तेही मागा आणि जाऊन बघा, झाडाखाली आहे का भिंतीला लागून आहे.

सातपुड्यात वनहक्काच्या दाव्यांसाठी उपविभागीय समिती आणि जिल्हास्तरीय समितीकडे आपल्या दाव्याची पूर्ण फाईल मागा, सोबत मोजणीचा नकाशा, ग्रामसभेचा ठराव, समितीच्या बैठकीचं इतिवृत्त आणि दावा नाकारल्याचं कारण. नकाराचं कारण दावेदाराला लेखी कळवणं बंधनकारक आहे, आणि कित्येक जणांना आपला दावा नाकारला गेलाय हेच माहीत नसतं. ही स्वतःचीच फाईल आहे, इथे वैयक्तिक माहितीचा अडथळा येतच नाही. २०-२५ दावेदारांनी एकाच आठवड्यात आपापले अर्ज दिले तर कार्यालय एकत्र बसून उत्तर द्यायला लागतं.

अपील

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसात पहिलं अपील, जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टॅम्प. अपिलीय अधिकारी त्याच खात्यातला वरचा असतो, ग्रामपंचायतीचं असेल तर पंचायत समितीत कोण आहे ते फलकावर बघा. भाषण लिहू नका, तक्ता करा: काय मागितलं, काय मिळालं, काय राहिलं. कलम १९(५) प्रमाणे नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी माहिती अधिकाऱ्याची आहे, हे एका ओळीत लिहा. ३० दिवसात निकाल, कारण लिहून जास्तीत जास्त ४५. सुनावणीला एकटं जाऊ नका, आणि तिथे "साहेब, आता देऊन टाकतो, अपील मागे घ्या" असं झालं तर कागद हातात आल्याशिवाय सही करू नका.

तरी नाही झालं तर ९० दिवसात दुसरं अपील, खान्देशासाठी राज्य माहिती आयोगाचं नाशिक खंडपीठ. इथे खरं सांगायला पाहिजे, आयोगाकडे ढीग आहे. २०२४ च्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात एक लाखाच्या वर प्रकरणं पडून होती, त्यामुळे नंबर लागायला वर्ष-दोन वर्ष सहज जातात. म्हणून दुसरं अपील टाकून गप्प बसू नका. तीच माहिती दुसऱ्या दाराने मागा: ग्रामपंचायतीनं नाही दिली तर अंदाजपत्रकाची प्रत पंचायत समितीच्या उपअभियंत्याकडे असते, देयकाची नोंद जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात असते. आयोगापुढे कलम २० खाली दंडाची मागणी मात्र जरूर करा, रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, आणि ते अधिकाऱ्याच्या खिशातून जातात.

दबाव आला तर

येतो. कधी सरपंचाचा भाऊ घरी चहाला येतो, कधी कंत्राटदाराचा माणूस रस्त्यात गाडी आडवी लावतो. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींना १३ जानेवारी २०१० ला भर सकाळी मारून टाकलं, जमिनीचे गैरव्यवहार ते माहिती अधिकारातून बाहेर काढत होते. म्हणून हे हलक्यात घेऊ नका. मोठ्या रकमेचा किंवा वाळूचा विषय असेल तर त्याच मजकुराचा अर्ज वेगवेगळ्या गावातल्या चार-पाच जणांनी करा, म्हणजे एकाला गप्प बसवून उपयोग नाही. गावातला पत्ता द्यायची भीती असेल तर पोस्ट बॉक्स नंबर देता येतो, कलकत्ता हायकोर्टानं २०१३ मध्ये ते मान्य केलंय. मिळालेला प्रत्येक कागद त्याच दिवशी स्कॅन करून गटातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर आणि गावाबाहेरच्या एका माणसाकडे पाठवा. धमकी आली तर तारीख-वेळेसह लेखी तक्रार पोलीस ठाण्यात, प्रत पोलीस अधीक्षकांना, तोंडी अजिबात नको.

गावापुढे वाचन

हे न करता बरेच गट थांबतात आणि सगळी मेहनत फाईलमध्ये राहते. राजस्थानात अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह यांच्या मजदूर किसान शक्ती संघटननं डिसेंबर १९९४ पासून जनसुनवाया घेतल्या, त्यात एवढंच केलं जायचं की सरकारी बिलं आणि हजेरीपट गावापुढे मोठ्यानं वाचायचे आणि लोकांना विचारायचं की हे खरं का. १९९६ मध्ये ब्यावरला त्यांनी ४० दिवस धरणं धरलं. आपल्या राज्यात अण्णा हजारेंच्या आंदोलनातून केंद्राच्या आधीच कायदा आला, आणि मग १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर. म्हणजे या कायद्याचा जन्मच चावडीवरच्या वाचनातून झालाय.

कसं करायचं? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा असतात, त्याच्या आठवडाभर आधी ग्रामपंचायतीला लेखी द्या की अमुक कामाच्या खर्चाच्या वाचनाचा विषय घ्यावा, आणि पोच घ्या. कोणावरही आरोप करायचा नाही, चोर हा शब्द तोंडातून काढायचा नाही, त्यानं सभा भांडणात जाते आणि तेच काहींना हवं असतं. फक्त कागद वाचायचा: "एमबी पान ४२, लांबी १२० मीटर. आपण सगळ्यांनी मोजली, ९६ मीटर." आणि थांबायचं. जमलं तर अहिराणीत बोला, आकडे मोठ्या कागदावर मार्करनं लिहून भिंतीला लावा, म्हणजे मागे उभ्या असलेल्या बायांना पण दिसतात. हजेरीपट वाचत असाल तर ज्याचं नाव त्यालाच उभं करून विचारा, त्याच्यासाठी दुसऱ्यानं उत्तर देऊ नये.

नंतर लगेच ठराव मांडा: फेरमोजणी करावी, दोष दायित्वात दुरुस्ती करून घ्यावी, जादा गेलेली रक्कम वसूल करावी. ठराव इतिवृत्तात जसाच्या तसा लिहिला गेला का ते सभा उठायच्या आत बघा, नंतर शब्द बदलतात. त्याची नक्कल मागा, ती गटविकास अधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पाठवा. सरपंच-उपसरपंचाचं गैरवर्तन दिसत असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ ची तक्रार विभागीय आयुक्तांकडे नाशिकला जाते. आणि ठराव पाठवल्याला एक महिना झाला की नवीन अर्ज टाका, १० रुपयांचा, विषय एकच: "अमुक तारखेच्या ग्रामसभा ठरावावर आपल्या कार्यालयाने केलेल्या कार्यवाहीच्या टिपणीसह संपूर्ण फाईलची पाहणी."